बोलीचा लाडू आणि वर्खाचा मोदक

प्रति,
श्री राजुरेश्वर गणपती संस्थानाचे विश्वस्त
आणि पंचक्रोशीतील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे पदाधिकारी,
राजूर, ता. भोकरदन, जि. जालना

विषय : धर्मादाय कामासाठी होणारे महागड्या प्रसादाचे लिलाव आणि सोनेरी मिठाई



नेहमीच्या खाण्यातला एखादा गोड पदार्थ घ्यायचा, त्याला सोन्याने मढवायचे किंवा त्याचा जाहीर लिलाव पुकारायचा, आणि त्यातून उभा राहिलेला पैसा धर्मादाय कामाला लावायचा, ही रीत गेल्या तीन दशकांत युरोपातल्या उपाहारगृहांपासून हैदराबादच्या गणेशमंडपांपर्यंत पसरली असून, भाद्रपद आला की तिच्या बातम्या मराठी वाहिन्यांवरही ठळकपणे झळकू लागतात. गणेशाच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना परंपरेने केली जाते, आणि अंगारकीला, म्हणजे मंगळवारी येणाऱ्या संकष्टी चतुर्थीला, येथल्या टेकडीवर लाखोंच्या संख्येने भाविक येतात. त्यामुळे असा एखादा लिलाव सुरू करण्याचा किंवा सोनेरी मोदक विक्रीस ठेवण्याचा प्रस्ताव एखादा उत्साही दाता उद्या आपल्यापुढे ठेवणारच नाही, असे कोणी खात्रीने म्हणू शकत नाही. प्रस्ताव पुढ्यात आल्यावर, त्यातही आकडा मोठा असल्यावर, विचार करायला उसंत राहत नाही, म्हणून तो आधीच व्हावा, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण हैदराबादजवळच्या बालापूरचे आहे, आणि ते राजूरला परकेही नाही, कारण १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होईपर्यंत जालन्याचा हा मुलूख आणि बालापूर एकाच राज्यात होते. बालापूरच्या गणेशाच्या हातातल्या २१ किलोच्या लाडवाचा विसर्जनाच्या दिवशी लिलाव करण्याची प्रथा १९९४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या वर्षी तो लाडू अवघ्या ४५० रुपयांना गेला. ज्या शेतकरी कुटुंबाने तो घेतला त्याने त्याचे तुकडे घरात, आप्तांत वाटले आणि उरलेला चुरा शेतात टाकला. त्या वर्षी पीक चांगले आले अशी गावात समजूत झाली आणि पुढच्या वर्षीपासून बोली चढू लागली. लाडू २००२ मध्ये एक लाखाच्या पलीकडे गेला, २०१९ मध्ये १७ लाख ६० हजारांना, २०२३ मध्ये २७ लाखांना, २०२४ मध्ये ३० लाख १ हजाराला आणि २०२५ मध्ये ३५ लाखांना सुटला. मधल्या २०२० या एका वर्षी कोरोनाच्या साथीमुळे लिलाव झाला नाही. लिलावाचा पैसा गावच्या देवळासाठी, शाळेसाठी आणि इतर सार्वजनिक कामांसाठी वापरला जातो.

बालापूरला मागे टाकणारा आकडा त्याच परिसरातल्या दुसऱ्या ठिकाणचा आहे. बंडलागुडा जागीर येथील श्रीमंत बंगल्यांच्या एका वसाहतीत लाडवाची बोली २०२३ मध्ये १ कोटी २६ लाखांपर्यंत, २०२४ मध्ये १ कोटी ८७ लाखांपर्यंत आणि २०२५ मध्ये २ कोटी ३२ लाखांपर्यंत पोहोचली. तेथे रहिवासीच गट करून बोली लावतात आणि रक्कम वसाहतीने स्थापलेल्या धर्मादाय न्यासामार्फत गरजूंच्या कामाला जाते. दोन्ही ठिकाणी लाडू एकाच जातीचा असला तरी बालापूरचा लाडू एका गावाचा आहे, त्याला शेताच्या मातीचा वास आहे. बंडलागुड्याचा लाडू मात्र फाटकाच्या आत राहणाऱ्यांनी आपसात पैसे गोळा करून बाहेरच्यांना देण्याची एक पद्धत आहे. ही पद्धत वाईट नाही. पण तिला प्रसादाची परंपरा म्हणण्यापेक्षा वर्गणीचा नवा प्रकार म्हणणे अधिक नेमके होईल.

देवाच्या वस्तूचा लिलाव ही कल्पना आपल्याकडेही जुनीच आहे. गोव्याच्या देवळांत देवाला आलेल्या वस्तूंच्या जाहीर लिलावाला पावणी म्हणतात. लालबागच्या राजाला अर्पण झालेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा विसर्जनानंतर दरवर्षी जाहीर लिलाव होतो, आणि ते मंडळ डायलिसिस केंद्रासारखी कामेही चालवते. श्वेतांबर जैन समाजात पर्युषण पर्वात स्वप्नदर्शनाच्या, म्हणजे महावीरांच्या मातेने पाहिलेल्या स्वप्नांच्या विधीच्या, मानासाठी जी बोली लागते ती पूर्वापार रुपयांत नव्हे तर तुपाच्या मणांत बोलली जाते आणि तिचे रुपयांत रूपांतर ठरलेल्या दराने होते. या बोलीतून येणाऱ्या पैशाला देवद्रव्य म्हणतात, म्हणजे जे द्रव्य देवाचे झाले आणि म्हणून देवाच्याच कामाखेरीज दुसरीकडे वळवता येत नाही असे द्रव्य. ही मर्यादा त्या समाजाने स्वतःच आखून घेतली आहे आणि ती कसोशीने पाळली जाते. पैसा कोणत्या खात्यात जाणार हे बोली लागण्यापूर्वीच ठरलेले असते, हा त्या परंपरेतला सर्वांत शिकण्याजोगा भाग होय.

आता दुसरा प्रकार, ज्यात पदार्थच महाग केला जातो. नाशिकच्या एका मिठाईच्या दुकानात २०२१ च्या गणेशोत्सवात सोन्याचा वर्ख लावलेले मोदक किलोला सुमारे १२ हजार रुपयांना विकले गेल्याची बातमी सर्वत्र पसरली होती. तो शुद्ध व्यापार होता आणि व्यापार म्हणून त्याला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही, पण अशीच मिठाई धर्मादाय नावाने विकायची झाल्यास तिचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला पाहिजे. वर्ख म्हणजे सोने किंवा चांदी ठोकून ठोकून केलेले अतिशय पातळ पान. खाण्याच्या सोन्याचे एक पान साधारण आठ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे आणि मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतक्या जाडीचे धरले, तर सोन्याच्या घनतेवरून त्याचे वजन जेमतेम १२ मिलिग्रॅम भरते. त्या वर्षी सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ४७ हजारांच्या आसपास होता, म्हणजे एका पानात धातू सुमारे ५८ रुपयांचा. किलोत चाळीस मोदक आणि प्रत्येक मोदकाला अर्धे पान असा हिशेब धरला तर वीस पानांत बाराशे रुपयांच्या आतले सोने बसते. पान ठोकण्याची मजुरी, ते दुकानापर्यंत येताना चढणारा नफा, मावा, सुकामेवा आणि कारागिरी हे सारे धरूनही बारा हजारांतला मोठा वाटा सोन्याच्या नावाचा राहतो. या नावाला चव नाही आणि वासही नाही. सोने रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे, शरीर ते शोषून घेत नाही, आणि खाल्लेले सोने दुसऱ्या दिवशी जिथे जायचे तिथेच जाते.

वर्खाबाबत भाविकांच्या दृष्टीने आणखी एक बाब आहे. पूर्वी चांदीचे पान जनावरांच्या कातड्याच्या किंवा आतड्याच्या पडद्यांत ठेवून हातोड्याने ठोकले जात असे, त्यामुळे शाकाहारी नैवेद्यावर तो वर्ख चालावा की नाही हा वाद फार वर्षे होता. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये नियम करून चांदीच्या वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य पदार्थ वापरण्यास मनाई केली आणि चांदीची शुद्धता हजारात ९९९ असावी असे ठरवले. देवापुढे ठेवायच्या मिठाईवर वर्ख असेल, तर तो कोणाकडून आला आणि कसा तयार झाला हे विचारण्याचा संस्थानाला पूर्ण अधिकार आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे.

परदेशात या प्रकाराची उदाहरणे पुष्कळ आहेत, पण त्यांतली दोन येथे पुरेशी आहेत. ब्रिटनमध्ये २०१४ साली डोनट सप्ताहाच्या निमित्ताने, ज्यातून मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत दिली जाते, क्रिस्पी क्रीम या कंपनीने एक हजार पौंडांचा एकच डोनट बनवला, त्यात उंची शॅम्पेनची जेली घातली आणि त्यावर सोन्याचे पान लावले. डोनट म्हणजे तळलेल्या गोड पिठाचे कडे, रस्त्यावर उभे राहून खायची वस्तू, आपल्याकडच्या गुलगुल्यांची दूरची बहीण. त्या एका कड्याने वृत्तपत्रांत जागा मिळवली, कंपनीची जाहिरात झाली आणि संस्थेचे नावही घेतले गेले. यांतला कोणता लाभ कोणाला किती, हे ठरवणे अवघड आहे. नेदरलँड्समधल्या एका उपाहारगृहाने २०२१ मध्ये पाच हजार युरोंचा सोन्याच्या पावाचा बर्गर विकला तेव्हा मात्र मालकाने एक शहाणपणाची गोष्ट केली. साथीच्या त्या काळात मिळालेल्या पैशातून अन्नपेढीला, म्हणजे गरजूंना शिधा पुरवणाऱ्या संस्थेला, शिध्याची एक हजार पाकिटे दिली जातील असे त्याने जाहीर केले. त्यामुळे एक बर्गर आणि हजार पाकिटे असे उघड समीकरण लोकांच्या समोर आले आणि तो बर्गर कितीही ओंगळ वाटला तरी हिशेब प्रत्येकाला समजला.

यावरून दोन प्रकारांतला मुख्य फरक स्पष्ट होतो. लिलावात लाडू तोच साध्या बेसनाचा आणि साखरेचा राहतो, त्याचा खर्च काही हजारांत असतो आणि बोलीतली जवळजवळ सारी रक्कम कामाला उरते. सोनेरी मोदकात मात्र रक्कम आधी वस्तूत, वर्खात, डब्यात आणि जाहिरातीत मुरते, मग उरले तर धर्माला जाते. म्हणून धर्मादाय कारणासाठी सोन्याची मिठाई हा प्रकार संस्थानाने सरळ नाकारावा, कारण दात्याला खरोखर द्यायचे असेल तर सोने खाऊन टाकण्याऐवजी तेच सोने दानपेटीत टाकता येते. बोलीचा लाडू मात्र एका वाक्यात नाकारता येत नाही. त्याचा विचार सविस्तर करावा लागतो.

बोलीमागची प्रेरणा काय, याचे उत्तर देणारे शास्त्र नवेही आहे आणि जुनेही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली, म्हणजे वस्तू वापरण्यापेक्षा ती आपल्याला परवडते हे इतरांना दिसावे म्हणून केलेला खर्च. राजूरला त्याहून जवळचा ग्रंथ उपलब्ध आहे. गणेशपुराणातली गणेशगीता गजाननाने ज्या वरेण्य राजाला सांगितली, त्या राजाच्या कथेशी परंपरा राजूरचे नाते जोडते, आणि त्या गणेशगीतेच्या शेवटच्या, अकराव्या अध्यायात तप, दान, ज्ञान आणि कर्म यांचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची किंवा फळाची आशा धरून दिलेले दान राजस होय. तेव्हा पीक यावे, व्यवसाय वाढावा, विसर्जनाच्या मिरवणुकीत नाव पुकारले जावे, निवडणुकीच्या वर्षी फलकावर छायाचित्र झळकावे, अशा हेतूने लागलेली बोली राजस ठरते, मग आकडा साडेचारशेचा असो की पस्तीस लाखांचा. राजस दान निषिद्ध नाही, देवळाच्या पायऱ्यांपासून धर्मशाळांपर्यंत पुष्कळ काही राजस दानातूनच उभे राहिले आहे आणि प्रत्येक पायरीवर कोरलेली नावे त्याची साक्ष देतात. मात्र राजस दान घेणाऱ्याने आपल्याला काय मिळते आहे आणि देणाऱ्याला काय मिळते आहे, या दोन्ही गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहाव्या लागतात. जालना सोने का पालना अशी म्हण ज्या जिल्ह्याची आहे, त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

प्रसादाचा स्वभाव मात्र बोलीच्या विरुद्ध आहे. मराठवाड्यात मोदक प्रामुख्याने तळणीचा होतो. कणकेची पारी लाटून, त्यात सुक्या खोबऱ्याचा कीस, गूळ, भाजलेली खसखस आणि वेलदोडा यांचे सारण भरून, कळ्या चिमटीत धरून तोंड मिटवायचे आणि मंद आचेवर लालसर तळायचे. कोकणातल्या उकडीच्या मोदकाला तांदळाची पिठी, ओले खोबरे आणि सराईत हात लागतो, आणि तो त्याच दिवशी संपवावा लागतो. तळणीचा मोदक डब्यात आठवडाभर टिकतो, म्हणून तो दूरच्या गावाहून पायी येणाऱ्याच्या पिशवीतही येतो आणि परत जाताना शेजाऱ्यांना वाटायलाही उरतो. त्याची किंमत त्यातल्या गव्हाएवढी आणि गुळाएवढीच. नैवेद्याचे एकवीस मोदक करण्यासाठी घरात सोने असावे लागत नाही, आणि जालन्याच्या कोरडवाहू शेतीत ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षीही ते होतात. संकष्टीच्या रात्री चंद्र उगवल्यावर उपवास सोडताना ताटात पडणारा मोदक सर्वांचा एकाच मापाचा असतो. या पदार्थाला अप्राप्य करून तो गरिबांच्या नावाने विकणे यात एक चमत्कारिक विसंगती आहे, आणि ती लक्षात न येण्याइतके भाविक भोळे नसतात.

भरपूर प्रसाद आणि सेवा यांची सांगड आणखी एका मार्गाने घालता येते, तिचे उदाहरण पुण्यात दरवर्षी दिसते. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीला अक्षय्य तृतीयेला अकरा हजार हापूस आंब्यांचा महानैवेद्य दाखवला जातो आणि नंतर ते आंबे ससून रुग्णालयातल्या रुग्णांना आणि वृद्धाश्रमांत वाटले जातात. हापूस हा पदार्थ महागच आहे, गाभारा आंब्यांनी भरून टाकणे हे प्रदर्शनही आहे, पण प्रदर्शन संपल्यावर ज्याने आंबा विकत घेतला नसता अशा माणसाच्या हातात तो पडतो. येथे एकाच श्रीमंताने एकच लाडू घरी नेलेला नाही. महाग पदार्थ सर्वसामान्यांच्या तोंडी जातो, आणि ज्याच्या हाताशी सलाईनची सुई आहे त्यालाही तो मिळतो. संस्थानाला काही भव्य करायचेच असेल, तर जालन्याची मोसंबी आहेच, जिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिच्या हंगामात मोसंबीचा नैवेद्य मांडून तो जिल्हा रुग्णालयात वाटणे हे कोणत्याही सोनेरी मोदकापेक्षा राजूरला शोभेल.

तरीही आपण लाडवाची बोली लावण्याचे ठरवलेच, तर तिच्याभोवतीची व्यवस्था आधी पक्की व्हावी. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळांना धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी पैसा गोळा करताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. ती आधी घ्यावी. लाडू मिळतो म्हणून बोलीची रक्कम करसवलतीस पात्र देणगी ठरते की वस्तूची किंमत, याचा खुलासा लेखापरीक्षकाकडून लेखी घ्यावा, आणि आयकर कायद्यातली देणगीची सवलत दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही हे बोली लावणाऱ्याला मंडपातच सांगावे, म्हणजे रोखीच्या पुड्यांचा प्रश्न आपोआप मिटेल. उधारीच्या बोलीला मुळीच थारा देऊ नये. गावोगावच्या मंडळांच्या वहीत अशा बोल्यांची थकबाकी वर्षानुवर्षे पडून असते आणि पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा सर्वांत वरची बोली लावताना दिसतो. बोलीचा पैसा कशासाठी आहे हे बोलीपूर्वी जाहीर करावे, आणि ते काम नाव घेता येईल असे असावे: अमुक शाळेच्या पत्र्यांची दुरुस्ती, अमुक वस्तीची पाण्याची टाकी, भोकरदन तालुक्यातल्या अमुक मुलींच्या वसतिगृहाचे वर्षभराचे धान्य. केवळ समाजकार्यासाठी असे मोघम शब्द चालवून घेऊ नयेत, कारण मोघम शब्दांत पैसा विरघळतो आणि नंतर तो शोधायला कोणी जात नाही.

लाडवाचे काय करायचे हेही ठरलेले असावे. बोली जिंकणाऱ्याने तो पूर्ण घरी नेऊ नये. मंडपातच तो फोडावा, त्याचा मोठा भाग रांगेत उभ्या असलेल्यांना द्यावा, आणि जिंकणाऱ्याच्या पदरात एक मूठ पडावी. बालापूरच्या पहिल्या लाडवाचा चुरा शेतात गेला होता आणि त्याच चुऱ्यामुळे त्या लाडवाला पुढे किंमत आली, हे येथे विसरता येत नाही. जो लाडू फुटत नाही, फक्त मिरवतो, तो मूर्तीपुढून उचलला गेल्यापासून प्रसाद राहत नाही. तो ढाल किंवा चषक होतो.

एवढ्या सूचना जड वाटत असतील, तर त्यांतली एकच आपण येत्या अंगारकीपूर्वी अमलात आणावी. सभामंडपाच्या दारात, पादत्राणे ठेवण्याच्या जागेजवळ, जिथून प्रत्येक भाविकाला जावेच लागते तिथे, एक फळा लावून त्यावर खडूने तीन ओळी लिहाव्यात: या वर्षी किती पैसा आला, तो कोणत्या कामाला गेला, आणि किती शिल्लक आहे. लाडवाची बोली लावायची की नाही, हा निर्णय तो फळा सहा महिने वाचल्यावर भाविकच आपल्याला सांगतील.

आपल्या विचारार्थ सादर.